दोन चाव्यांचं खुराडं

आमच्या घरात दोन माणसांच्या वाटेला कोणी जाऊ नये. एक माझे सासरे आणि दुसरी माझी आई. तिसरी मी, पण मी निदान ओरडून झाल्यावर ऐकते तरी.

मला नववा महिना लागला होता तेव्हाची ही गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझं माहेर सुरगाण्याच्याही पलीकडे, जीपमधून उतरलं की वर अर्धा तास पायी. पण माझं बीपी म्हणजे पहिलीतलं पोर, खाली बसवलं की लगेच उठून उभं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घाट वगैरे विसरायचं. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर पाहिजे." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी, माझा नवरा महेश आणि सासरे, म्हणजे आमचे आप्पा. दोघंही प्रेमळ आहेत, नाही कशाला म्हणू? पण माझ्या पायात गोळा आला की एक जण मोबाईलवर उपाय शोधत बसतो आणि दुसरा आधी दाराला कडी आहे का ते बघून येतो. मला माझी आई हवी होती. शाळेत चौथीच्या बेचाळीस पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी बाई मी, पण उशीत तोंड खुपसून आईच्या नावाने रडायचे. त्यात लाजायचं काय?

"आई, तू ये ना इकडे," मी फोनवर म्हटलं.

"मी येईन गं. पन कोंबड्या कोन बघंल?"

"शेजारी ठेव की."

"शेजारी? शिमग्यापर्यंत एकबी दिसायची नाय."

"मग त्यांनाही घेऊन ये!" मी वैतागून बोलून गेले. आमच्या माणसांशी वैतागून बोलू नये, ती शब्द धरतात. तिसऱ्या दिवशी सिंधुबाई, म्हणजे माझी मातोश्री, नाशिक रोडला आमच्या दारात हजर. डोक्यावर बांबूचं डालं, डाल्यात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, आणि मागे रिक्षावाला, जो कोंबड्यांचं वेगळं भाडं मागत होता. त्याला तिने असं काही झापलं की तो डालं उतरवून, वर नमस्कार करून गेला.

आमच्या पाड्यावर खुराडं बांधायची पद्धतच नाही. संध्याकाळी कोंबड्या गोळा करायच्या, त्यांच्यावर डालं उपडं घालायचं, वर दगड ठेवायचा. झालं. पिढ्यान्‌पिढ्या एवढ्यावर भागलं. आईने आमच्या मागच्या अंगणात तसंच केलं आणि निवांत झोपली. पण आमच्या गल्लीतला बोका शहरात वाढलेला. सकाळी दगड एकीकडे, डालं दुसरीकडे, आणि ठिपक्यांची कोंबडी पिसांपुरती उरलेली.

आई रडली. मग डोळे पुसून तिने पिशवी काढली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला लागली.

"आई, हे काय?"

"आज एक गेली. आजून एक गेली की मी पहिल्या जीपनं घरी. जिथं कोंबडी राखता येत नाय तिथं मी तुझं लेकरू काय राखू?"

तिच्या बोलण्यात तर्क नव्हता, पण मी पिशवीचा बंद घट्ट धरला. तिला शहराची भीती वाटत होती. हॉस्पिटलातल्या इंग्रजी पाट्या, लिफ्ट, नर्सबाईंचं फटकून बोलणं, या सगळ्यात आपण काही कामाच्या नाही असं तिने मनात धरलं होतं. कोंबड्या सांभाळणं तिला येत होतं. तेही इथे जमेना म्हटल्यावर ती उठली. आता उरलेल्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा जगले तर माझी आई माझ्याजवळ राहणार होती, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं सगळं.

तेवढ्यात मागच्या दारात आप्पा येऊन उभे राहिले. बनियन, पायजमा, कानात कापूस.

"विहीणबाई," आप्पा म्हणाले, "पिशवी ठेवा खाली. मला आठ दिवस द्या. असं खुराडं बांधतो की वारासुद्धा विचारून आत जाईल."

आता आप्पांविषयी सांगायला हवं. आमच्या नाशिक रोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटा छापायची प्रेस, दुसरं काही नाही. आप्पांनी तिथे तेहेतीस वर्षं काढली. आत नेमकं काय काम केलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंनाही नाही म्हणे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तोंडाचं कुलूप निघालेलं नाही. आम्हाला फक्त सवयी दिसतात. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात, आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. लग्नकार्यात जेवायला बसण्याआधी आपली माणसं मोजतात. चार वर्षं बिचाऱ्यांना राखायला घरात काही मोलाचं मिळालं नव्हतं. आता पाच कोंबड्या आणि एक कोंबडा मिळाला.

"आप्पा, बाळ येतंय, फार खर्च नको हं," महेश हळूच म्हणाला.

"खर्च कमीत कमी, बंदोबस्त जास्तीत जास्त," आप्पांनी जाहीर केलं आणि सायकलवर टांग टाकली.

पुढचे आठ दिवस आमच्या अंगणात नाशिक जिल्ह्याचं भंगार जमा झालं. पहिल्या दिवशी एक भेळेची जुनी हातगाडी आली, चार चाकं, वर सपाट फळी. भेळवाल्याने आता गाळा घेतला होता, त्याने ती चहाच्या बोलीवर देऊन टाकली. "खुराडं जमिनीला टेकलं की घूस खालून उकरते," आप्पा म्हणाले. "हे चाकांवर. उन्हात सावलीकडे ढकला, पावसात पडवीत घ्या." आईने मान डोलावली. ही मान फार महागाची होती. मग पिंपळगावच्या कोण्या मित्राने द्राक्षाची बाग तोडली होती, तिचे लोखंडी अँगल आले. द्राक्षाचे प्लास्टिकचे क्रेट आले, ते आडवे ठेवून अंडी घालायची जागा. अंबडच्या भंगारवाल्याकडून जाळी आली. ही साधी कोंबडीजाळी नव्हे. कारखान्यात मशीनभोवती लावतात ती जाड तारेची, वेल्डिंग केलेली. आमची पक्कड तिच्यावर चालवून बघितली तर पक्कडीलाच दात पडले. आप्पा खूश झाले.

"जाळी दुहेरी लावायची," ते म्हणाले. "आतली एक इंचाची, बाहेरची अर्ध्या इंचाची, मध्ये चार बोटं जागा. बोक्याने पंजा घातला तरी कोंबडीपर्यंत पोचता कामा नये."

"वारा खेळला पायजे," आई म्हणाली. "आन खाली भाताचा तूस टाका, जाड. ओल धरली की खोकतात."

"टाकू."

"आन बसायला दांड्या लावा. कोंबडी भुईवर नाय झोपत."

"दांड्या लावू. समान उंचीवर, नंबर घालून."

"नंबर कशाला?"

"शिस्त, विहीणबाई."

छताला पत्रा आणि पत्र्यावर फ्लेक्स. फ्लेक्स कुठून आणला ते विचारू नका, चौकात कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस होऊन गेला होता. तो एवढा मोठा होता की छत झाकून दोन्ही बाजूंना पडद्यासारखा लोंबत राहिला, थंडीसाठी बरंच झालं. एका अंगाला हात जोडलेले हसरे भाऊ, दुसऱ्या अंगाला तेवीस शुभेच्छुक, सगळे काळ्या चष्म्यात.

आणि मग दार. देवा, ते दार! माणूस वाकून आत जाईल एवढं, आणि त्याला भक्कम स्प्रिंग, उघडलं की आपोआप धाडकन बंद. त्यावर एक नाही, दोन खटक्याची कुलपं. दार आपटलं की दोन्ही आपोआप लागणार. दोन वेगळ्या चाव्या, एक आप्पांच्या खिशात, दुसरी आईच्या कमरेच्या पिशवीत. दोन्ही चाव्या लागल्याशिवाय दार उघडायचं नाही, म्हणजे एकट्याच्या मनात पाप आलं तरी उपयोग नाही. आत एक जण जाणार, दुसरा दार धरून बाहेर उभा राहणार.

"कोंबडीच्या मनात काय पाप येनार?" आईने विचारलं.

"कोंबडीच्या नाही. माणसाच्या."

"आणि आप्पा, कुलपं आतून उघडायला ना मूठ, ना चावीचं भोक?" महेशने विचारलं.

"कोंबडीला मूठ कशाला?"

"प्रेसमध्ये असंच होतं का हो?" मी विचारलं.

"कुठली प्रेस?" आप्पा म्हणाले आणि पाना उचलून निघून गेले.

मी हसून हसून पोट धरलं, आतलं बाळही हसत असावं, लाथा चालूच होत्या. गंमत म्हणजे ते खुराडं खरोखर उत्तम झालं होतं. पहिल्या रात्री बोका आला, चारी बाजूंनी फिरला, छतावर चढला, भाऊंच्या तोंडावर बसून राहिला. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री तो कुलकर्ण्यांच्या माशांच्या टाकीकडे वळला. चौथ्या सकाळी आईने पिशवीतली लुगडी काढून माझ्या कपाटात ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले आणि मग गुळाचा एवढा मोठा खडा खाल्ला.

त्रास व्हायचा तो चाव्यांचा. आईला पहाटे पाचला कोंबड्या सोडायच्या असत, मग ती आप्पांच्या दाराशी जाऊन खाकरायची. ते बिचारे एकदा अंगाला साबण लावलेले, टॉवेल गुंडाळून, एका हाताने चावी फिरवायला आले. महेश अंडी काढायला आत गेला तर बाहेर येताना आप्पांनी त्याचे खिसे चाचपले. पोटच्या पोराचे! पण दोघं व्याही-विहीण सकाळ-संध्याकाळ त्या दारात भेटायला लागले, आणि माझ्या घरात रेडिओ लावायची गरज उरली नाही. भांडण एकच, दांड्यांचं. आप्पांनी चारही दांड्या एका उंचीवर लावल्या होत्या. आईचं म्हणणं, कोंबड्यांत मान असतो, मोठी वर बसते, धाकटी खाली. आप्पा म्हणायचे, इथे सगळ्या सारख्या.

अशा त्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी ओट्याशी उभी राहून पोहे भिजवत होते. महेश अंबडला कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. शनिवार म्हणजे आमच्याकडे लाईट नाही, दुरुस्तीच्या नावाखाली दुपारपर्यंत गुल. कोंबड्या सकाळच्या फिरून परत खुराड्यात घेतलेल्या, आणि मागून आवाज येत होते.

"बघा तुम्हीच, चार नंबर रिकामा हाय. सगळ्या एका दांडीवर कोंबल्यात!"

"त्यांना सवय लागेल."

"माझ्या कोंबड्यांना तुम्ही सवय लावनार? सरका. मी दाखवते दांडी कशी लावायची."

"विहीणबाई, माप बिघडेल. थांबा, मी आत येतो. हात लावू नका!"

आणि मग धाड. आणि धाडच्या पोटात दोन बारीक आवाज, खट, खट.

कोंबडासुद्धा गप्प.

मी पोह्यांचा हात तसाच घेऊन मागे गेले. खुराड्यात तुसात बसलेले माझे सासरे, वाकून उभी माझी आई, दोघांच्या मधे पाच कोंबड्या आणि त्यांचा नवरा. तेहेतीस वर्षांत मोडला नसेल तो नियम आप्पांनी एका दांडीसाठी मोडला होता.

"घाबरायचं नाही," आप्पा म्हणाले, म्हणजे तेच घाबरले होते. "हर्षाली, मी चावी बाहेर देतो." त्यांनी चावी आतल्या जाळीच्या इंचाच्या भोकातून घातली. ती गेली. बाहेरच्या अर्ध्या इंचाच्या भोकात घातली. तिचं डोकं अडलं. त्यांनी फिरवली, तिरकी केली, दाबली, आणि ती बोटांतून सुटून दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत खाली, अगदी तळाला, अँगलच्या मागे जाऊन पडली. ना आतून हात पोचे, ना बाहेरून.

"माझी हाय माझ्यापाशी," आईने कमर चाचपली. "पन एकीनं काय व्हतंय?"

मला हसू फुटलं. मी जाळीला धरून हसले, ओणवी होऊन हसले, आणि हसता हसता कमरेतून अशी कळ आली की पोह्यांचा हात मी भाऊंच्या नाकावर टेकला.

आईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "कळ हाय का?"

"काही नाही. हसले जास्त."

"हसल्याची कळ मला शिकवू नको. मोज."

नऊ मिनिटांनी दुसरी आली. मग पुन्हा नऊ मिनिटांनी. हसू कुठल्या कुठे पळालं. आई आत, मी बाहेर, आणि मधे आमच्या आप्पांची दुहेरी जाळी. आता मी खरंच घाबरले. मी फोन करून महेशला बोलावलं, शेजारच्या भाग्यश्री वहिनींना हाक मारली, आणि हॉस्पिटलात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिलटकरीण आहेस, वेळ आहे, पण घरी थांबू नकोस. ये."

"जा तू," आई म्हणाली. "मी येते मागनं."

"कशी येशील? उडून?"

"हर्षे, जा."

"नाही जाणार! तुझ्याशिवाय मी एक पाऊल टाकणार नाही!" मी अंगणात पाय आपटला. चौथीतली पोरं असती तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

भाग्यश्री वहिनी गल्ली गोळा करून आल्या. कुलपं फोडायचा प्रयत्न झाला. आप्पा आतून सांगत होते, "नाही फुटणार, उगाच हात दुखवून घेऊ नका," आणि त्यांच्या आवाजात लाज होती तेवढाच अभिमानही होता. कोपऱ्यावरचा वाल्मीक पक्कड घेऊन आला, जाळी बघून त्याने ती खिशात परत घातली.

"याला कटर लागतो," तो म्हणाला. "ग्राइंडर. सुनीलकडे आहे, हॉस्पिटलच्या समोरच गॅरेज."

"मग त्याला बोलवा!"

"वहिनी, इथं लाईट कुठंय? त्याच्याकडं हाय. त्या बाजूला शनिवार नसतो."

वाल्मीकने खुराड्याकडे बघितलं, मग खाली वाकून चाकांकडे बघितलं. मीही बघितलं. मला पुन्हा हसू यायला लागलं, आणि कळही, दोन्ही एकदम.

"ढकला," आई आतून म्हणाली.

असे आम्ही निघालो. हॉस्पिटल एक किलोमीटर. हातगाडीला पाच जण लागले, वाल्मीक पुढे, बाकीचे मागे. मागून रिक्षात मी आणि भाग्यश्री वहिनी. रिक्षाने पुढे जायचं होतं, पण मी रिक्षावाल्याला दम भरला, "त्या गाडीच्या मागेच राहायचं. ओव्हरटेक केलंस तर याद राख." खुराड्याच्या मागच्या जाळीला आई माझ्याकडे तोंड करून उकिडवी बसली होती, एका हाताने दांडी धरून. चार नंबरची. तिच्या खांद्यावर कोंबडा.

"आली का?" ती ओरडायची.

"आली!" मी ओरडायचे.

"तोंडानं वारा सोड! फूऽऽ कर! चूल फुंकती तशी!"

मी फूऽऽ करायचे. रिक्षावालाही फूऽऽ करायचा, बिचारा घाबरून.

आता रस्त्यावरच्या माणसांना यातलं काय कळणार? त्यांना दिसली एक सजवलेली गाडी, दोन्ही अंगांना हात जोडलेले भाऊ आणि तेवीस शुभेच्छुक, मागे माणसं, मागे रिक्षा. चहाच्या टपरीवरची चार पोरं "भाऊ, आगे बढो!" करत सामील झाली आणि त्यांनी ढकलायलाही सुरुवात केली. एकाने बायकोला फोन करून सांगितलं की निवडणूक लागली. एक बाई पदर सावरून पुढे आल्या आणि जाळीला हळदकुंकू लावून गेल्या, त्यांना वाटलं आतल्या बाई कोणी माताजी आहेत. आईने आतून हात वर करून त्यांना आशीर्वाद दिला. माझी आई वाया घालवत नाही काही.

सिग्नलला हवालदाराने हात केला. "मिरवणुकीची परवानगी?"

"मिरवणूक नाही साहेब, बाळंतपण आहे," वाल्मीक म्हणाला.

हवालदाराने वाकून आत बघितलं. तुसात मांडी घालून बसलेले आप्पा त्याच्याकडे बघत होते.

"कोणाचं?" हवालदाराने विचारलं.

"माझं!" मी रिक्षातून ओरडले. "आणि आता सोडलं नाहीत तर इथेच!"

मग मात्र त्याने चारही बाजूंची वाहनं थांबवली. शिट्टी फुंकत तो स्वतः पुढे पळाला. वाटेत एका बँडवाल्याचं दुकान लागलं, तिथला ताशावाला काय समजला देव जाणे, त्याने दारात उभं राहून दोन हात वाजवले. मला एका बाजूने मरणाच्या कळा येत होत्या आणि दुसऱ्या बाजूने माझा पाय ताशावर हलत होता. इतकी घाबरलेली आणि इतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते. आई जाळीतून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. कळांमधलं अंतर कमी होत होतं, आणि ते तिला माझ्याआधी कळत होतं.

हॉस्पिटलच्या दारात मला उतरवून थेट आत नेलं. चाकांच्या खुर्चीवरून मी मान वळवून बघितलं तर खुराडं रस्त्यापलीकडे गॅरेजकडे वळत होतं. पलीकडे! मधे तो सगळा रस्ता. "आई!" मी एवढ्याने ओरडले की नर्सबाई दचकल्या.

"अहो, ओरडू नका, जोर वाया जातो. सोबत कोण आहे तुमच्या?"

"माझी आई येतेय. ती पिंजऱ्यात आहे."

नर्सबाईंनी माझं बीपी पुन्हा तपासलं.

रस्त्यापलीकडे काय झालं ते मला नंतर भाग्यश्री वहिनींनी सांगितलं, आणि आजवर त्यांनी ते अख्ख्या गल्लीला चाळीसदा सांगितलंय. सुनीलने ग्राइंडर काढला, जाळी चाचपली आणि म्हणाला, "पाच मिन्टं लागतील. पण आवाज आन ठिणग्या लय उडतात. कोंबड्या बिथरून पळतील बरं का. आधी एखादं पोतं आणतो, एकेक भरून घेऊ, मग कापतो."

"पोतं आणायला किती वेळ?" आप्पांनी विचारलं.

"आणतो ना, बाजूच्या किराणावाल्याकडनं. धा-पंधरा मिन्टं."

आप्पा म्हणाले, "बरोबर आहे. नीट भरूनच घेऊ. विहीणबाईंच्या कोंबड्या आहेत, एक इकडची तिकडे होता कामा नये."

"व्याहीबुवा, सरका बाजूला," आई म्हणाली. "काप रे बाबा."

"पण मावशी, पळतील."

"पळू दे. काप!"

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्यांचा फवारा उडाला, कोंबड्यांनी एकच आकांत मांडला. बाहेरची जाळी गेली, आतली गेली, भगदाड पडलं, आणि आईच्या आधी त्यातून सगळ्या कोंबड्या बाहेर. एक गॅरेजच्या पत्र्यावर, एक औषधाच्या दुकानात, दोन थेट सिटी बसच्या पायरीवर, एक कुठे ते कोणालाच दिसलं नाही. कोंबडा सिग्नलच्या खांबावर. ज्या कोंबड्यांसाठी माझ्या आईने सुरगाणा सोडायला आधी नाही म्हटलं होतं, त्या सहाच्या सहा चहू दिशांना गेल्या. भाग्यश्री वहिनी म्हणतात, तिने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून तिने तो रस्ता असा ओलांडला की हवालदाराला शिट्टी मारायचं सुचलं नाही.

मला एवढंच आठवतं की लेबर रूमच्या दाराशी नर्सबाईंचा आवाज चढला होता, "आजी, अशा अवतारात आत नाही येता येणार!" आणि त्यावर माझ्या आईचा आवाज, "मग अवतार बदलायला द्या काय ते, लवकर!" मग पाणी वाहायचा आवाज. मग हिरवा गाऊन उलटा घातलेली, केसांत भाताचा तूस आणि एक पांढरं पीस अडकलेली माझी आई माझ्या उशाशी. तिने माझा हात धरला. तिचा हात साबणाने ओला होता.

"आई, मला भीती वाटतेय."

"मलाबी," ती म्हणाली. "चल, दोघी मिळून भिऊ. आता फूऽऽ कर."

बारा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. एवढीशी, लाल, आणि आवाज असा की महेशला जिन्यावरच कळलं, ही आपलीच. आईने तिला दुपट्यात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं, कानाशी काहीतरी बोलली. नर्सबाई इंग्रजीत काय काय सांगत होत्या, आई त्यांना मराठीत परतून सांगत होती, आणि दोघींचं बरोबर जमत होतं. तिला तिथे परकं वाटतंय असं कोणीही म्हणालं नसतं. मी डोळे मिटून घेतले. मला एवढंच हवं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला दार हळूच ढकललं गेलं. आप्पा. बनियन फाटलेलं, दोन्ही हातांवर ओरखडे, कपाळावर शेण की ग्रीस ते कळेना. महेशने सांगितलं की ते तीन तास रस्त्यावर धावत होते. चौसष्ट वर्षांचा माणूस, बसच्या मागे. ते खाटेपासून चार हात लांब, अंग चोरून उभे राहिले. नातीकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"विहीणबाई," ते खाली मान घालून म्हणाले, "माझी चूक झाली. चार सापडल्या. एक द्वारका सर्कलकडे जाणाऱ्या बसमध्ये आहे, कंडक्टरशी बोललोय, तो परतीच्या फेरीला आणून देतो. कोंबडा खांबावरून उतरत नाही. पण मी सोडणार नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्या कोंबड्या तुमच्या ताब्यात देतो."

आईने मांडीवरच्या बाळावरून नजर काढली नाही.

"कसल्या कोंबड्या?" ती म्हणाली.